बीकेसी वापरताना: हात, डोळे, दूध आणि गोठा

करवीर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचा प्रश्न आहे. बल्क कूलर (दूध थंड ठेवायची मोठी टाकी), दुधाचे कॅन आणि फरशी निर्जंतुक करायला संस्थेनं बाजारातून ५० टक्के बीकेसीचा, म्हणजे एका घट्ट जंतुनाशकाचा, पाच लिटरचा कॅन आणला. कॅन धुणाऱ्या दोघी बायकांच्या बोटांची सालं निघायला लागली. त्यातल्या एकीच्या डोळ्यात ओतताना थेंब उडाला, तिनं ओंजळभर पाणी मारलं आणि काम पुढे चालू ठेवलं. आज तिसरा दिवस, डोळा अजून लाल आहे. सचिवांना विचारायचंय की हे रसायन विषारी आहे का, वापर बंद करावा का, माप किती धरावं, आणि लंपी-खुरकुताच्या भीतीनं सभासद गोठ्यात फवारायला मागतायत, त्यांना ते द्यावं का.

आधी डोळा. त्या बाईंना आजच नेत्रतज्ज्ञाकडे न्या, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात न्या किंवा जवळ जो डॉक्टर असेल त्याच्याकडे, पण उद्यावर टाकू नका. जाताना कॅनच्या लेबलचा फोटो सोबत घ्या. ५० टक्क्यांचं बीकेसी बुबुळाचा वरचा थर भाजतं. त्या जखमेत जंतू शिरले तर फूल पडतं आणि नजर कायमची अधू होऊ शकते. तीन दिवसांनी लाली टिकून आहे, म्हणजे आत जखम आहे असंच धरून चला. मेडिकलमधून विचारून आणलेले थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर जखम चिघळू शकते. गुलाबपाणी, मध, दूध, तूप यांतलंही काही नको. पुढचं उत्तर बाईंना दवाखान्यात पाठवल्यावर वाचा.

आता दोघींचे हात. साल निघणं म्हणजे कातडीचा तेलकट थर धुऊन गेला आणि खालची कातडी उघडी पडली. हात पूर्ण बरे होईपर्यंत दोघींना या कामातून बाजूला करा आणि त्यांचा रोज कापू नका. भेगा पडलेल्या कातडीतून रसायन आणखी आत जातं, आणि एकदा अ‍ॅलर्जी बसली की पुढे अगदी पातळ पाण्यानंही हात उठतात. काहींना मग फरशी पुसायचं घरगुती लिक्विडसुद्धा चालत नाही, कारण त्यातल्या बऱ्याच लिक्विडांत हेच रसायन असतं. आठवडाभरात फरक पडला नाही, पाणी सुटलं किंवा बोटांच्या बेचक्यात खाज राहिली, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

वापर बंद करायची गरज नाही. आत्ता ज्या पद्धतीनं वापरताय ती मात्र आजपासून बंद करा.

बीकेसी म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइड, क्वाटर्नरी अमोनियम, थोडक्यात 'क्वाट', गटातलं जुनं आणि भरपूर खपणारं जंतुनाशक. जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ड डोमाक यांनी १९३५ साली त्याचा जंतुनाशक गुण मांडला. या रेणूवर धन भार असतो आणि जंतूच्या आवरणावर ऋण. तो आवरणाला चिकटतो, आवरण फाडतो आणि जंतूच्या आतलं सगळं बाहेर सांडतं. आपल्या कातडीच्या, घशाच्या, डोळ्याच्या पेशींनाही आवरण असतंच. पातळ द्रावणात आपली कातडी तग धरते, घट्ट द्रावणात धरत नाही. म्हणून "विषारी आहे का" याचं उत्तर सर्वस्वी मात्रेवर आहे. डोळ्यात घालायच्या कितीतरी औषधी थेंबांत हेच बीकेसी टिकाऊपणासाठी साधारण ०.०१ टक्के घातलेलं असतं, आणि तेवढ्यानंही वर्षानुवर्षे थेंब घालणाऱ्यांचे डोळे कोरडे पडतात. तुमच्या कॅनमधलं त्याच्या ५००० पट घट्ट आहे.

जिल्ह्यातल्या डेअऱ्यांत आणि संकलन केंद्रांवर स्वच्छतेचं काम बघताना एक गोष्ट मला सतत दिसत आली. ॲसिडला माणसं घाबरतात, कारण त्याचा धूर निघतो. ब्लिचिंगला जपतात, कारण नाकात झिणझिण्या येतात. बीकेसीला फारसा वास नाही, धूर नाही, हाताला बुळबुळीत लागतं आणि फेस येतो. "साबणागतच हाय की ते, काय हुतंय?" हे वाक्य मी गडहिंग्लजपासून शिरोळपर्यंत ऐकलंय. मग त्याला साबणासारखंच वागवलं जातं. अंदाजानं ओततात, उघड्या हातानं ढवळतात, उरलेलं पाण्याच्या बाटलीत भरून घरी नेतात. बीकेसीचे अपघात झालेले मी जे पाहिले, ते सगळे या तीनपैकी एका जागी झालेले आहेत.

मापाचा हिशेब नीट समजून घ्या, कारण त्या दोघींचे हात तिथेच बिघडलेत.

दुधाशी संबंध येणाऱ्या भांड्यांसाठी बीकेसीचं द्रावण साधारण २०० पीपीएमचं लागतं, म्हणजे एक लिटर पाण्यात २०० मिलिग्रॅम. दहा लिटरच्या बादलीला २ ग्रॅम झालं. ५० टक्क्यांच्या कॅनमधून ते घ्यायचं तर फक्त ४ मिली. चमचाभरसुद्धा नाही. शंभर लिटरच्या टाकीला ४० मिली. ८० टक्क्यांचं आणलं असेल तर शंभर लिटरला २५ मिली, १० टक्क्यांचं असेल तर २०० मिली. तुमच्याकडे बादलीला चहाच्या कपानं अर्धा-पाऊण कप ओतत असणार असा माझा तर्क आहे, कारण बहुतेक ठिकाणी तसंच चालतं. समजा ते शंभर मिली भरलं, तर बादलीत ५००० पीपीएम झालं, लागतं त्याच्या २५ पट. त्या पाण्यात रोज सकाळ-संध्याकाळ हात बुडवले तर कुणाचीही कातडी टिकणार नाही.

४ मिली मोजायचं म्हणजे रोज घट्ट कॅन उघडणं आलं, आणि धोका नेमका तिथंच. म्हणून मी संस्थांना दोन टप्प्यांची पद्धत सांगतो. आठवड्यातून एकदा एकाच जबाबदार माणसानं हातमोजे आणि गॉगल घालून एक भाग ५० टक्क्यांचं बीकेसी नऊ भाग पाण्यात मिसळायचं. ते ५ टक्के होतं. ते वेगळ्या, जाड प्लास्टिकच्या, नाव-तारीख लिहिलेल्या कॅनमध्ये ठेवायचं आणि मूळ कॅन कुलपात. रोजच्या कामाला या ५ टक्केवाल्यातून बादलीला ४० मिली घ्यायचं. खोकल्याच्या औषधाबरोबर येतं तसलं खुणांचं छोटं माप त्याला पुरतं, ते त्याच कॅनला दोरीनं बांधून ठेवा म्हणजे दुसरीकडे जाणार नाही. पाच टक्केही डोळ्यात जाता कामा नये, ते काही निरुपद्रवी नाही. पण थेंब उडालाच तर होणारी इजा आणि पन्नास टक्क्यांची इजा यांत फार मोठा फरक आहे. याहून सोपं म्हणजे डेअरीसाठी बनवलेलं, नीट लेबल असलेलं १० टक्क्यांचं तयार औषध घेणं. लिटरमागे महाग दिसतं, पण तुमच्याएवढ्या संस्थेला महिन्याला ते असं किती लागणार? गोकुळ असो, वारणा असो, तुम्ही ज्या संघाला दूध घालता त्यांच्या गुणनियंत्रण विभागाला विचारून घ्या, त्यांच्याकडे मान्य केलेल्या औषधांची नावं असतात.

आता ओतण्याबद्दल. थेंब तिथंच उडालाय, म्हणून जरा सावकाश सांगतो. भरलेला पाच लिटरचा कॅन तिरका केला की तोंड पूर्ण भरतं, आत हवा जायला जागा राहत नाही, आणि द्रव धारेनं न येता डबक डबक उसळत बाहेर येतो. त्यातच बादली जमिनीवर आणि कॅन छातीशी असला तर थेंब पाण्यावर आपटून थेट तोंडाकडे उडतो. कॅन ओट्यावर ठेवा, बादली त्याच्या अगदी खाली, दोन्ही कमरेच्या खाली. कॅन असा धरा की तोंड वरच्या बाजूला राहील आणि धारेवरून हवा आत जाईल. आधी बादलीत पाणी, मग औषध. उलटं केलं तर नळाच्या जोरानं घट्ट औषधाचा फेस होतो आणि तो हातभर उंच उडतो. ओतून झालं की कॅनच्या गळ्यावरून एक ओघळ खाली येतो. तो तिथंच वाळतो, चिकट राहतो आणि पुढच्या वेळी कॅन उचलणाऱ्याच्या तळव्याला लागतो. तो हात पदराला पुसला जातो, त्याच हातानं कपाळावरचा घाम पुसला जातो. म्हणून झाकण लावल्यावर हातमोज्यासकट कॅन पाण्यानं धुवा, मग मोजे धुवा, आणि मगच काढा.

हातमोजे नायट्राइलचे, कोपराकडे अर्ध्यापर्यंत येणारे घ्या. दवाखान्यातले पातळ पांढरे मोजे या कामाचे नाहीत, ते कॅनच्या कडेला लागून फाटतात आणि आत शिरलेलं औषध कातडीला धरून राहतं, म्हणजे मोजे नसण्यापेक्षा वाईट. गमबुटाचंही तसंच. बुटात घट्ट औषध गेलं आणि माणूस तसाच दिवसभर वावरला तर संध्याकाळी पाय भाजलेला दिसतो, कारण सुरुवातीला आग कमी होते. गॉगल म्हणजे चारी बाजूंनी बंद असलेला, चष्मा नव्हे. या सगळ्याचा खर्च संस्थेनं करायचा. सकाळी पाच वाजता थंड पाण्यात हात घालणाऱ्या बाईनं स्वतःच्या पैशानं मोजे आणावेत अशी अपेक्षा ठेवणाऱ्या संस्था मी पाहिल्यात, आणि मला ते अजिबात पटत नाही. दुधाचा दर ठरवताना फॅटचा पॉइंट मोजणाऱ्या संस्थेला मोज्यांचे पैसे जड नसतात.

साबणाबद्दल आणखी एक, आणि याचा संबंध तुमच्या दुधाशी आहे. कपड्याची पावडर, भांड्याचा बार, लिक्विड सोप यांवर बहुतेक ऋण भार असतो, बीकेसीवर धन. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना धरून बसतात आणि दोघांचंही काम संपतं. काचेच्या ग्लासात बादलीतलं पातळ बीकेसीचं पाणी घ्या आणि त्यात पावडरच्या पाण्याचे चार थेंब टाका. स्वच्छ पाणी डोळ्यांदेखत दुधाळ, गढूळ होतं. तो गढूळपणा म्हणजे वाया गेलेलं जंतुनाशक. कामगारांना हे एकदा करून दाखवा, भाषणाची गरज उरत नाही. "जास्त स्वच्छ व्हावं" म्हणून बादलीत पावडर आणि बीकेसी दोन्ही टाकणाऱ्यांच्या कॅनमध्ये प्रत्यक्षात एकही औषध काम करत नसतं. मग जंतूंची संख्या वाढते, संघाकडून तक्रार येते, आणि त्यावर उपाय म्हणून बीकेसीची मात्रा आणखी वाढवली जाते. हात बिघडायला सुरुवात होते ती अशी.

क्रम असा ठेवा: रिकामा कॅन लगेच साध्या पाण्यानं खंगाळा, मग कोमट पाणी आणि डेअरीचा धुण्याचा सोडा घेऊन ब्रशनं घासा. आपल्याकडचं म्हशीचं दूध दाट, त्याचा तुपकट पापुद्रा कॅनच्या गळ्याच्या आतल्या वळणात बसतो, तो निघालाच पाहिजे. त्या पापुद्र्यावर बीकेसी ओतणं म्हणजे औषध फुकट घालवणं, त्याच्याखालचे जंतू सुरक्षित राहतात. मग सोडा पूर्ण जाईपर्यंत पाण्यानं धुवा, आणि शेवटी बीकेसीचं द्रावण आतून सगळीकडे लागेल असं फिरवा. लेबलवर लिहिलेला वेळ, बहुधा पाच ते दहा मिनिटं, ते ओलं राहिलं पाहिजे. सुती फडकं वापरू नका, कापूस बीकेसी स्वतःकडे ओढून घेतो आणि भांड्याला नुसतं पाणी लागतं. बोअरचं पाणी जड असेल, शिरोळ-हातकणंगलेकडच्या काही भागांत ते असतंच, तर औषधाचा जोर कमी पडतो. क्वाट मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात, द्रावणात बुडवून रंग ताडून बघायचा. आठवड्यातून दोनदा बघा, अंदाजावर चालणं थांबेल.

त्यानंतर चांगल्या, क्लोरिन केलेल्या पिण्याच्या पाण्यानं धुऊन कॅन मांडणीवर उपडे ठेवा. २०० पीपीएमपर्यंतचं द्रावण न धुता नुसतं निथळून घेतलं तरी चालतं, असा नियम अमेरिकेत आहे. दुधासाठी मी तो सल्ला देत नाही. बीकेसी भांड्याला चिकटून राहतं, दुधात उतरतं, आणि दही लावणारे जंतू त्याला फार नाजूक असतात. विरजण लागत नाही, दही सैल राहतं, आणि दोष म्हशीच्या चाऱ्याला दिला जातो. युरोपात दुधासह खाद्यपदार्थांत बीकेसीचा अंश किलोला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. दोन-तीनशे मिली न निथळलेलं द्रावण चाळीस लिटरच्या कॅनमध्ये राहिलं, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

उरलेलं द्रावण दुसऱ्या दिवशी वापरू नका आणि जुन्यात नवं भरू नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण पातळ, शिळ्या बीकेसीत सुडोमोनास जातीचे जंतू जगतात, वाढतात. दवाखान्यांत असं दूषित जंतुनाशक वापरल्यानं रुग्णांना संसर्ग झाल्याच्या नोंदी जुन्या आहेत.

एक कडक सूचना. बीकेसी, ब्लिचिंग आणि ॲसिड एकाच बादलीत कधीही नको. कॅनमधला दगडी थर काढायला तुम्ही ॲसिड वापरत असाल, टाकीला क्लोरिन टाकत असाल. ॲसिड आणि ब्लिचिंग एकत्र आलं की क्लोरिन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो जीव घेतो. बीकेसी आणि ब्लिचिंग एकत्र आलं तरी त्रासदायक वाफा निघतात. तिघांच्या जागा वेगळ्या, मापं वेगळी, बादल्या वेगळ्या रंगाच्या.

आता गोठ्याचा प्रश्न. सभासदांना सरसकट वाटू नका, यात माझं मत पक्कं आहे. लाळ-खुरकुताचा विषाणू तुपकट आवरण नसलेला आहे आणि अशा विषाणूंवर बीकेसीचा भरवसा धरता येत नाही. खुरकुतासाठी लस, आणि गोठा धुवायला धुण्याच्या सोड्याचं ४ टक्के द्रावण, म्हणजे दहा लिटरला ४०० ग्रॅम. स्वस्तही आहे आणि कामही करतं. फाशी रोगाच्या बीजाणूंवरही बीकेसी चालत नाही. लंपीचं वेगळं आहे. त्या विषाणूला आवरण असतं आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या माहितीपत्रकात त्याच्यासाठी क्वाट ०.५ टक्के दिलेलं आहे. म्हणजे दहा लिटरला ५० टक्क्यांचं १०० मिली. वर कॅनसाठी जे २५ पट जास्त ठरलं, तेच माप इथं बरोबर. दोन्ही कामांची बादली एकच ठेवली तर काय होईल ते सांगायला नको. हे द्रावण शेण-मूत खरवडून काढल्यावर, जनावरं बाहेर बांधून, जमिनीवर आणि भिंतीच्या खालच्या भागावर टाकायचं. गव्हाणीवर नाही, पाण्याच्या कुंडावर नाही, जनावराच्या अंगावर तर नाहीच. सडांना घट्ट औषध लावू नका. सडाची कातडी भेगाळली की दगडी, म्हणजे कासदाह, होण्याचा धोका उलट वाढतो. सड बुडवायला पशुवैद्यक सांगतील ते तयार औषध वापरा. आणि लंपी गोमाशा, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरते, २०२२ च्या साथीत हे आपण पाहिलं. फरशी धुऊन ती थांबत नाही.

फवारायचं की ओतायचं, तर ओता. पाठीवरच्या पंपानं बारीक तुषार केले की ते श्वासातून आत जातात. नाक-घसा चुरचुरतो, छाती आवळते, आणि रोज सफाई करणाऱ्या माणसांत दमा सुरू होण्याशी क्वाटच्या फवाऱ्याचा संबंध वैद्यकीय नोंदींत आलेला आहे. ज्याला आधीच दमा आहे त्याला हे काम देऊच नका. कोरोनात गावोगावी माणसांवर औषध फवारणाऱ्या कमानी उभ्या राहिल्या होत्या. १८ एप्रिल २०२० ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं माणसांवर जंतुनाशक फवारू नका असं सांगितलं, पुढच्या महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनंही तेच सांगितलं, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा कमानींवर बंदी घालायला सरकारला सांगितलं. तरीही त्या काळात घेतलेले फॉगर आज गोठ्यात आणि शाळेत फिरताना दिसतात. पुराचंही तसंच. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी ओसरल्यावर चिखलानं भरलेल्या घरांत लोक जंतुनाशक शिंपडत होते. चिखलावर बीकेसीचा उपयोग नाही. आधी गाळ काढायचा, घासून धुवायचं, मग औषध.

अपघात झालाच तर काय करायचं ते कागदावर लिहून कूलरच्या भिंतीला लावा.

डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून वाहत्या पाण्याखाली सलग पंधरा-वीस मिनिटं, घड्याळ लावून. ओंजळभर पाणी म्हणजे काहीच नाही. पंधरा मिनिटं फार वाटतात, धुणारा तीन मिनिटांत थांबतो, म्हणून दुसऱ्यानं डोकं धरून ठेवावं लागतं. नळाला रबरी नळीचा तुकडा लावून ठेवलात तर सोपं जातं. मग दवाखाना, बरं वाटलं तरीही.

अंगावर सांडलं तर कपडे, बूट, पैंजण, अंगठी सगळं काढून भरपूर पाण्यानं धुवा. लाजेखातर ओलं लुगडं अंगावर ठेवून बाई घरी गेली की मांडीला फोड येतात. केंद्रावर एक जुनी साडी आणि आडोसा ठेवा.

पोटात गेलं तर उलटी करवू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची आपल्याकडची सवय इथं जीवघेणी आहे. घट्ट बीकेसी तोंड, घसा, अन्ननलिका जाताना भाजतं आणि उलटीबरोबर परत वर येताना पुन्हा भाजतं. शिवाय त्याचा फेस होतो, तो फेस श्वासनलिकेत उतरला तर फुप्फुसं निकामी होतात. लिंबू, ताक, सोडा काही नको. शुद्धीत असेल तर चूळ भरून थुंकायला लावा आणि लगेच १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं मोठ्या दवाखान्यात न्या. जास्त प्रमाणात गेलं असेल तर रक्तदाब उतरतो, श्वासाचे स्नायू ढिले पडतात, आणि ते सुरुवातीला बाहेरून दिसेलच असं नाही. याला उतारा म्हणून कुठलं औषध नाही. जे काही करायचं ते श्वास आणि रक्तदाब सांभाळून, दवाखान्यातच. विषबाधेची माहिती देणारं दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय केंद्र आहे, त्याचा मोफत नंबर १८०० ११६ ११७. डॉक्टरांनाही तिथून सल्ला मिळतो. कॅन किंवा लेबल सोबत न्यायला विसरू नका, "सफेद औषध प्यायलं" एवढ्यावरून डॉक्टरला काही कळत नाही.

आणि पोटात जातं कसं? बहुतेक वेळा पाण्याच्या नाहीतर थंड पेयाच्या बाटलीतून. सचिवाच्या ओळखीनं कुणीतरी "जरा मोरीला द्या की" म्हणून बाटली भरून नेतं, ती मोरीच्या कट्ट्यावर राहते, आणि उन्हातून आलेलं पोरगं तोंडाला लावतं. फारसा रंग नाही, फारसा वास नाही, त्याला कळणार कसं? संस्थेतून एकही बाटली बाहेर जाणार नाही, हा ठराव सभेत लिहून घ्या. मागणाऱ्याला वाईट वाटलं तर वाटू द्या.

मांजरांचंही लक्षात ठेवा. डेअरीभोवती ती असतातच. ओल्या फरशीवरून चालतात, मग पंजे चाटतात, आणि त्यांच्या जिभेला फोड येऊन खाणं सुटतं. फरशी वाळेपर्यंत दार लावून घ्या.

सांडलं तर पाण्यानं गटारात ढकलू नका. फरशी इतकी निसरडी होते की औषधापेक्षा आधी पडूनच माणूस जखमी होतो. वाळू किंवा कोरडी माती टाका, ती शोषून घेईल, मग फावड्यानं भरून वेगळी ठेवा. पाण्यातल्या जिवांना बीकेसी फार मारक आहे. लिटरला एक मिलिग्रॅमहून कमी असलं तरी काही जातींचे मासे मरतात. तुमच्या कॅनमधल्या एका लिटरात ५ लाख मिलिग्रॅम आहेत, म्हणजे एखाद्या विहिरीतले मासे, बेडूक, सगळे संपवायला तेवढं पुरतं. ओढा शेवटी पंचगंगेलाच मिळतो, आणि तिच्यात आधीच काय काय सुटतंय ते आपल्याला ठाऊक आहे. गोठा धुतलेलं औषधी पाणी गोबरगॅसच्या टाकीतही जाऊ देऊ नका, गॅस करणारे जंतू मरतात आणि चूल बंद पडते.

राहिला रिकामा कॅन. तीनदा पाण्यानं धुवा, ते पाणी त्या दिवशीच्या फरशीच्या बादलीत वापरा, कॅनला खिळ्यानं भोकं पाडा आणि मगच भंगारात द्या. धुतलेला असला तरी प्लास्टिकला औषध धरून राहतं. असले पांढरे, जाड, झाकणाचे कॅन शेतावर पाणी न्यायला लोक आवडीनं मागून नेतात. भोक पाडलेला कॅन कुणी मागत नाही.